तळं, जंगल आणि घरची मंडळी : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की मुलाबाळांसह जंगलात चालायला जाण्याबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बरीच पत्रं बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबद्दल आहेत, काही फणसाड आणि तळकोकणातल्या रानांबद्दल. पुष्कळांनी विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, मुलगी नऊची आणि सासूबाई सहासष्ट वर्षांच्या. बोरिवलीच्या उद्यानात पहिल्यांदाच चालायला जायचं आहे. कान्हेरीपर्यंत चालत जाऊन परत यावं म्हणतो. जमेल का? (डोंबिवली)

पहिल्याच खेपेला नको. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेणी साधारण 6 किलोमीटरवर आहेत. रस्ता डांबरी असला तरी शेवटच्या टप्प्यात चढ लागतो, आणि लेण्यांपाशी पोचल्यावर खरं पायऱ्यांचं काम सुरू होतं. जाऊन-येऊन 12 किलोमीटर आणि वर लेण्यांची चढउतर हे सहा वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचं आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना चढापेक्षा उताराचा त्रास अधिक होईल.

अंतर किलोमीटरमध्ये ठरवू नका, वेळेत ठरवा. सहा वर्षांचं मूल थांबत-थांबत, किडे बघत, दगड गोळा करत डांबरी रस्त्यावर तासाला दोन किलोमीटर चालतं. पायवाटेवर दीड. तीन तासांच्या फेरीत एक तास बसण्याचा आणि खाण्याचा धरला तर हाती उरतात तीन-चार किलोमीटर. पहिल्या दिवसाला तेवढे पुरेत.

आता त्या तीन तासांची वाटणी. पहिला तास जाण्याचा, दुसरा येण्याचा, तिसरा राखीव. तास भरला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, पुढच्या वळणावर काहीही दिसत असलं तरी. बहुतेक घरांचा दिवस इथेच बिघडतो. जाताना मुलं पळत असतात, म्हणून मोठ्यांना वाटतं की अजून बरंच चालतील. येताना तीच मुलं कडेवर घ्या म्हणतात, आणि वीस किलोचं मूल उचलून दोन किलोमीटर चालणं सोपं नाही. वेग सासूबाईंचा ठेवा. सर्वांत पुढे एक मोठं माणूस, त्याच्यामागे धाकटा, सर्वांत शेवटी पुन्हा एक मोठं माणूस.

कान्हेरी बघायचीच असेल तर वर वाहनाने जा आणि सगळी ताकद लेण्यांसाठी ठेवा. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत. क्रमांक 3 चा चैत्य आणि त्याच्या आसपासची पाच-सहा लेणी दीड तासात निवांत होतात. लेण्यांचं तिकीट उद्यानाच्या तिकिटाहून वेगळं असतं. उद्यान सोमवारी बंद असतं. लेण्यांच्या बाहेर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तिथे मुलांचा हात सोडू नका. तोंड लहान दिसतं, आत खोली किती ते वरून कळत नाही, आणि काठ शेवाळलेला असतो.

प्रश्न : तुळशी आणि विहार तलावांच्या काठी मुलांना पाण्यात पाय सोडून बसवता येईल का? (मालाड)

नाही. विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी 1879 मध्ये पुरा झाला. दोन्ही तलाव आजही मुंबईला पिण्याचं पाणी देतात, त्यामुळे काठावर वाट्टेल तसं जाण्याची मुभा नाही. शिवाय दोन्हींत मगरी आहेत. थंडीच्या सकाळी मगर अंग तापवायला काठावर येऊन पडते आणि चिखलाच्या रंगात मिसळून जाते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी काठच्या मातीत अंडी घालते आणि त्या जागेजवळ कोणाला फिरकू देत नाही. मगरींची वस्ती असलेल्या पाण्यापासून वीस-पंचवीस पावलं मागे राहून बघावं.

मगर नसलेल्या तळ्याचा काठही भरवशाचा नसतो. गवत वाढलेल्या काठाखालची माती पाण्याने पोखरलेली असते, वरून मात्र जमीन सलग दिसते. मोठ्या माणसाने आधी काठी टोचून पाहावं. काठी वीतभर सहज आत गेली तर तिथे मूल उभं करू नये. जलपर्णी किंवा शेवाळाचा हिरवा थर तर मुलांना लॉनसारखाच वाटतो. त्यावर पाय ठेवायचा नाही, हे घरून निघतानाच सांगा.

अगदी लहान मुलांना तळं जवळून दाखवायचं असेल तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बरं. एकेकाळी तिथे कचऱ्याचे ढीग होते, आज झाडी आहे, तळं आहे, आणि दीड-दोन तासांत सगळं पाहून होतं. गोरेगावला राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेला लागून बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेचं निसर्गशिक्षण केंद्र आहे, तिथे वाटाड्यासोबत फिरता येतं. आधी चौकशी करून जा.

प्रश्न : बिबट्याची भीती वाटते. मुलांना घेऊन जाणं शहाणपणाचं आहे का? (ठाणे, येऊरजवळ)

सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलात आणि त्याच्या कडेकडेने बिबटे राहतात हे खरं. येऊर त्याच जंगलाची ठाण्याकडची बाजू. पण दिवसाउजेडी, आखून दिलेल्या वाटेवर, चार माणसं बोलत चाललेली असताना बिबट्या बहुधा तुमच्याआधी सावध होऊन बाजूला होतो. धोका कुठे वाढतो तेवढं नीट समजून घ्या.

बिबट्या उभ्या मोठ्या माणसाला सहसा भक्ष्य समजत नाही. एकटं मागे राहिलेलं मूल आणि झुडपाआड उकिडवं बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसू शकतं. म्हणून मुलाला लघवीला नेताना एक मोठं माणूस शेजारी उभं राहिलंच पाहिजे, आणि तेही वाटेच्या कडेलाच, झाडीत आत नाही. सकाळी पुरतं उजाडल्यावर आत शिरा. संध्याकाळी पाचच्या सुमारास बाहेर पडण्याच्या बेताने परता. पाळीव कुत्रा घेऊन जाऊ नका, आणि वाटेतल्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालून मागे लावून घेऊ नका. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे.

दिसलाच, तर पळायचं नाही, वाकायचं नाही, पाठ फिरवायची नाही. लहान मुलाला शक्यतो न वाकता, न बसता पटकन उचलून घ्या, सगळे एकमेकांना चिकटून उभे राहा, मोठ्या आवाजात बोला आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. त्याची निघून जाण्याची वाट अडवू नका. फोटोसाठी थांबू नका. नंतर गेटवर किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

खरं सांगायचं तर या जंगलात मुलांना जास्त उपद्रव माकडांचा होतो. हातातली पिशवी, चिप्सचं पाकीट, सोललेलं केळं दिसलं की ती अंगावर येतात. मूल घाबरून वस्तू घट्ट धरून ठेवतं, आणि मग ओरखडा किंवा चावा बसतो. खाऊ बॅगेत बंद ठेवा. माकडाने काही ओढलंच तर सोडून द्या, हे मुलांना घरीच शिकवून ठेवा. डोळ्यांत रोखून बघणं आणि दात दिसतील असं हसणं माकडाला आव्हान वाटतं. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

प्रश्न : पाणी आणि खाणं किती न्यावं? दरवेळी एकतर ओझं होतं नाहीतर कमी पडतं. (पुणे)

तीन-चार तासांच्या फेरीला हिवाळ्यात मोठ्या माणसाला दीड लिटर, सहा ते दहा वर्षांच्या मुलाला पाऊण लिटर. ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्चनंतर याच्या दीडपट. मुलाच्या पाठीवर त्याची स्वतःची अर्ध्या लिटरची बाटली द्या, म्हणजे ते आपण होऊन पितं. तहान लागल्याचं मुलं उशिरा सांगतात, म्हणून दर वीस मिनिटांनी दोन घोट पाजा. बाटली स्टीलची बरी. ओढ्यातलं किंवा टाक्यातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी मुलांना देऊ नका.

मूल अचानक चिडचिडं झालं, गप्प झालं, डोकं दुखतंय म्हणालं तर आधी सावलीत बसवा. ओआरएसचं पुडकं सोबत असेल तर पुडक्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्धं पुडकं अंदाजाने बाटलीत टाकू नका, प्रमाण चुकतं. घरून करून न्यायचं तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

खाण्यात दशम्या, धपाटे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भडंग. तळलेलं आणि फार तिखट नको, त्याने तहान वाढते. मुलांना एकदम पोटभर जेवू घालण्यापेक्षा दर पाऊण तासाला थोडंथोडं द्या. मोसंबीची सालं, केळ्याची सालं, उरलेली पोळी हे सगळं पिशवीत घालून परत आणायचं. "कुजून जाईल" म्हणून लोक टाकतात, पण कुजायच्या आधी ते माकडं खातात, आणि माणूस आला की खाणं आलं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. वर सांगितलेल्या ओरखड्यांचं मूळ तिथे आहे.

प्रश्न : बूट कोणते घ्यावेत? (नाशिक)

महागडे ट्रेकिंगचे बूट मुलांना नकोत, वर्षभरात पाय वाढतो. खोल नक्षीचा रबरी तळ असलेले, टाच घट्ट धरणारे साधे बूट चालतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं दुखतात. नवे बूट घरी आठवडाभर वापरून मगच जंगलात. पावसाळ्यात गमबूट नकोत. आत पाणी शिरलं की बाहेर येत नाही, आणि ओल्या खडकावर ते घसरतात. मोजे सुती नकोत, आणि जादा जोड न विसरता घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात ओढे ओलांडावे लागतात. मुलांसोबत कुठपर्यंत पुढे जावं? (वसई)

मुलं बरोबर असतील तर मुलाच्या घोट्याच्या वर पाणी असलेला वाहता ओढा ओलांडायचा नाही. मोठ्यांच्या पोटरीएवढं पाणी सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीपर्यंत येतं, आणि वाहतं पाणी मांडीला लागलं की मूल उभं राहू शकत नाही. कडेवर घेऊन ओलांडणं तर त्याहून वाईट. तुमचा तोल जातो, पायाखालचं दिसत नाही, आणि पडलात तर दोघंही पडता.

खरा घोटाळा परतीच्या वेळी होतो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा वरच्या डोंगरात तासभर पाऊस झाला की दुपारी कमरेएवढा होतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी गढूळ झालं, काड्याकाटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, यांतलं एक जरी दिसलं तरी जिथे आहात तिथून उंच जागी जायचं. ओढा मध्ये आलाच असेल तर ओसरेपर्यंत थांबायचं. सह्याद्रीतले लहान ओढे पाऊस थांबल्यावर बहुधा दोन-तीन तासांत उतरतात. म्हणून ओढा ओलांडायची वेळ येईल अशा वाटेला जोडकपडे, खाणं आणि विजेरी घेऊनच जा. त्याहून चांगलं म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये मुलांसाठी ओढा नसलेली वाट निवडा. तुमच्या भागातल्या चिंचोटी धबधब्यावर अनेक जण बुडाले आहेत. धबधब्याखालच्या डोहाची खोली काठावरून कळत नाही आणि आतला प्रवाह खाली ओढतो. बंदी असेल तेव्हा ती पाळा.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. भिजून आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आपण होऊन सांगा.

प्रश्न : दोडामार्गकडे मामाच्या गावी गेल्यावर मुलं रानात हिंडतात. गोचिडींचं काय करावं? खाजकुइली लागली तर? (कोल्हापूर)

गोचिडींचा प्रश्न तुमच्यासाठी साधा नाही. सिंधुदुर्गात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, शेजारच्या गोव्यात सत्तरी भागातही. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे असतो. रानात माकडं मरून पडल्याचं कळलं तर त्या बाजूला मुलांना अजिबात जाऊ देऊ नका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. एरवीही पालापाचोळ्यावर बसायचं नाही, लांब बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घालायचे म्हणजे गोचीड दिसते, पँट मोज्यांत खोचायची. घरी आल्यावर लगेच कपडे गरम पाण्यात टाका. मुलांना आंघोळ घालताना कानामागे, काखेत, जांघेत, बेंबीत आणि केसांच्या मुळाशी बोटं फिरवून बघा.

गोचीड चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा, पिळवटू नका. रॉकेल, तेल, पेटती काडी यांतलं काही लावू नका, त्याने ती अंगातलं द्रव जखमेत सोडते. नंतर साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

खाजकुइलीच्या शेंगा हिवाळ्यात पिकतात आणि त्यांवरची सोनेरी कुसं वाऱ्यानेही अंगावर येतात. आधी चोळायचं नाही आणि पाणीही लावायचं नाही. त्या जागेवर चिकटपट्टी दाबून ओढून काढा, दरवेळी नवा तुकडा घेऊन पाच-सहा वेळा. मग साबण-पाणी. मुलाचे हात आधी पुसा, नाहीतर तेच हात डोळ्यांना जातात.

प्रश्न : तळ्याकाठी पोचलं की मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. काय दाखवावं? (नागपूर)

कंटाळण्याचं कारण बहुधा वेळेत असतं. अकरा वाजता पोचलात तर तळं झोपलेलंच असतं. सूर्योदयानंतरचे दोन तास गाठा, आणि सूर्य पाठीशी येईल असा काठ धरा. उन्हाकडे तोंड करून बसलं तर सगळे पक्षी काळेच दिसतात. वीस मिनिटं एकाच जागी बसायचं ठरवा. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, कारण तुम्ही आल्यावर सगळं दबलेलं असतं. त्यानंतर टिबुकली पुन्हा बुड्या मारू लागते, वंचक गवतातून मान वर काढतो, खंड्या त्याच त्याच फांदीवर येऊन बसतो.

मुलांना नावं पाठ करायला लावू नका, काम द्या. टिबुकलीने बुडी मारली की ती पुन्हा कुठे वर येईल ते आधी बोटाने दाखवायचं आणि मनात आकडे मोजायचे. चतुर आणि टाचणी या पाण्याकाठच्या दोन उडत्या किड्यांतला फरक शोधायचा. चतुर बसल्यावर पंख पसरून ठेवतो, टाचणी बहुधा पाठीवर मिटून घेते. खंड्या पाण्यावरच्या कोणत्या फांदीला किती वेळा परत येतो ते मोजायचं. कमळाची पानं असलेल्या तळ्यात कमळपक्षी पानांवरून चालताना दिसतो. त्याच्या लांबच लांब बोटांमुळे वजन पसरतं आणि पान बुडत नाही, हे एकदा दाखवलं की मुलं दुर्बिणीसाठी भांडतात. दुर्बीण 8×40 ची घ्या. 10 पटीची लहान हातात थरथरते. आठ वर्षांखालच्या मुलांना दुर्बिणीतून नेम धरता येत नाही, त्यांना काठालगतचेच किडे दाखवावेत.

प्रश्न : मुंबईच्या गर्दीपेक्षा शांत, पाणवठ्यांचं जंगल सुचवा. (अलिबाग)

तुमच्या हाताशीच फणसाड आहे. मुरूडच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव रान होतं, 1986 मध्ये अभयारण्य झालं. आत नैसर्गिक पाणवठे आहेत, त्यांना तिथे गाण म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. सुपेगावच्या बाजूने आत शिरता येतं. सावली दाट असल्यामुळे मुलांना ऊन लागत नाही, आणि सकाळी लवकर गेलात तर शेकरू दिसण्याची शक्यता चांगली असते. झाडांच्या शेंड्याकडे बघा, आणि आधी आवाज ऐका : खडखडणाऱ्या यंत्रासारखी त्याची हाक लांबवर जाते.

वाटाड्या घ्याच. वाटा एकसारख्या दिसतात आणि मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. गाणीच्या अगदी काठावर पथारी टाकून जेवू नका. उन्हाळ्यात आसपासच्या जनावरांना तेवढंच पाणी असतं, आणि तुम्ही बसून राहिलात तर ती तहानलेली झाडीत ताटकळतात. दहा मिनिटं लांबून बघा आणि जेवायला दुसरीकडे बसा. मार्च ते मे या काळात जाणार असाल तर पाणवठ्याकडे सकाळी नऊच्या आत जाऊन परत फिरा.

घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही साप कोकणात आहेत. पायवाटेवर पुढच्या माणसाने काठी आपटत चालावं आणि मुलांनी दगड उलटवू नयेत. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यांतलं काही करायचं नाही. पायातलं पैंजण, हातातलं कडं, बूट काढा, तो अवयव काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा, मुलाला चालू न देता उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि 108 ला फोन करा. प्रतिसर्पविष कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशी विचारून फोनमध्ये लिहून ठेवा.